अडाण्याच्या जागेवरून बाद

आमच्या शेजारच्या काकांइतकी अडाण्यांची कदर करणारा विद्वान अख्ख्या बोईसरमध्ये मिळणार नाही. उभी हयात गाड्यांची इंजिनं बनवण्यात घालवून निवृत्तीनंतर ते गॅरेजवाल्यांसाठी आणि बोटवाल्यांसाठी मराठीत पुस्तकं लिहू लागले. प्रकरण लिहून झालं की ते इंजिनातलं ओ की ठो न कळणाऱ्या माणसाला वाचून दाखवत. त्याला कळलं, तरच छापायचं. या पदावर त्यांनी मला नेमलं, कारण एकदा बंद पडलेली स्कूटर मी स्टेशनपासून घामाघूम होऊन ढकलत आणली आणि पेट्रोलचा कॉकच बंद असल्याचं त्यांनी जिन्यातूनच ओळखलं. "तुमच्यासारखा माणूस शोधून सापडायचा नाही हो!" ते म्हणाले. मला तो सत्कारच वाटला.

डिझेलच्या नळीतली हवा काढायचं प्रकरण त्यांनी वाचलं, तेव्हा टीव्हीवर सामन्याची शेवटची षटकं चालू होती. "समजलं?" "अगदी!" म्हणत मी पळालो. पुस्तक छापून आलं आणि पंधरवड्यात तारापूरकडच्या एक बोटवाल्या मावशी दारात उभ्या राहिल्या.

"इंजिनेर, इस्क्रू ढिला करा लिवलाय, पंप मारा लिवलाय. आवळायचा कदी, ता कुठं हाय? आमचे धनी पंप मारतच बसले! अर्धा कॅन डिझेल सांडला!"

काकांचा चेहरा उतरला. "ज्याने विश्वास ठेवला, त्यालाच फसवलं मी," एवढंच बोलले. दुसऱ्या दिवसापासून पेन घेऊन ते पालघरपर्यंतची गॅरेजं आणि किनाऱ्यावरच्या बोटी पालथ्या घालू लागले. प्रत्येक प्रतीत हाताने एकच ओळ: 'बुडबुडे थांबले की स्क्रू घट्ट आवळा.' पिशवी माझ्याकडे. लिहिण्याआधी ते मला पाना देऊन तिथल्याच एखाद्या इंजिनाच्या नळीतली हवा काढायला लावत.

तिसऱ्या रविवारी, सुकत घातलेल्या बोंबलांपाशी, मला राहवेना. "काका, त्या दिवशी मी ऐकतच नव्हतो."

"ठाऊक आहे. एकही प्रश्न विचारला नाहीत. पण मलाही पुस्तक संपवायची घाई झाली होती."

पुढे कोळगावजवळ बंद पडलेल्या एका टेम्पोच्या डिझेलच्या नळीतली हवा मी एकट्याने काढली. काळे हात घेऊन धावतच काकांकडे गेलो. ते माझ्या हातांकडे कौतुकाने बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "म्हणजे तुम्ही आता बाद."

नव्या आवृत्तीची प्रकरणं हल्ली ते तळमजल्यावरच्या शिक्षिकाबाईंना वर बोलावून वाचून दाखवतात. "म्हणजे काय हो?" असं त्या विचारतात आणि काका खुशीत पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. माझ्या घरात, भिंतीअलीकडे बसून मी उत्तर पुटपुटतो. बरोबरच असतं ते. पण मला आता विचारतं कोण!