एका बोटानं दाखव

"एका बोटानं दाखव." पोट दुखतंय म्हणून आलेल्या कुठल्याही पोराला सिस्टर आधी हेच सांगायच्या. आई मध्ये बोलली की म्हणायच्या, "तुझं पोट दुखून राहिलं का?"

पिपलानीत त्या आमच्या समोर राहायच्या. मूळच्या नागपूरच्या, दवाखान्यातून निवृत्त झालेल्या, पण तोरा ड्यूटीवरचाच. अशी एखादी बाई तुमच्याही गल्लीत असेल. एरवी आपण तिला टाळतो आणि अडलं की तिचंच दार वाजवतो.

त्या रविवारी मी तेही वाजवलं नव्हतं. माझी अकरा वर्षांची लेक सकाळपासून पोट धरून होती, दोनदा उलटी झाली. आदल्या दिवशी बिट्टन मार्केटला खाल्लेल्या पाणीपुरीचा प्रताप, असं मी ठरवून टाकलं. ओवा दिला, शेक दिला. दुखणं थांबलं तशी खूश होऊन शिरा केला. तेवढ्यात सिस्टर विरजण मागायला आल्या.

लेकीनं बोट ठेवलं. बेंबीच्या खाली, उजवीकडे.

"एकदम सुरू झालं? थांबून थांबून येते?"

तिनं मान डोलावली. सिस्टरनी तिच्या हातातली शिऱ्याची वाटी काढून घेतली. "पाणीपण नको देऊ. अंडाशयाला पीळ पडला असेल. सोनोग्राफी करू, चल."

"अहो, एवढ्याशा पोरीला? लग्नाआधी असली तपासणी... लोक काय म्हणतील?"

"लोकांना नाही दाखवून राहिलो आपण. स्कूटरची चाबी आण."

आजही लाज वाटते, पण मी खरंच लोकांचाच विचार करत होते.

अंडाशयावर गाठ होती. त्यामुळे ते पिळलं गेलं होतं, रक्त नीट पोचत नव्हतं. दुपारीच ऑपरेशन झालं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "पीळ सोडवला, गाठ काढली. अंडाशय वाचलं. उशीर केला असतात, तर सांगता आलं नसतं."

मी बाकावर बसून रडले. सिस्टरनी रडू दिलं. मग म्हणाल्या, "तो शिरा मी खाऊ का आता?"

गेल्या वर्षी त्यांना अर्धांगवायू झाला, वाचा गेली. भाचा नागपूरला न्यायला आला, त्या दिवशी आम्ही भेटायला गेलो. आता कॉलेजात जाणारी माझी लेक वाकून म्हणाली, "सिस्टर, कुठं दुखतंय? एका बोटानं दाखवा."

त्यांनी हात उचलला. बोट स्वतःकडे नेलंच नाही. लेकीच्या पोटावर, बेंबीच्या खाली, उजवीकडे टेकवलं आणि तिच्याकडे बघत राहिल्या.

"ते एकदम बरं आहे, सिस्टर."

तेव्हा कुठे त्यांनी हात खाली घेतला.