अक्काचा कान

शेजारच्या गॅरेजातून पेट्रोलचा वास आला अन् मुकुंदवाडीचं आमचं जुनं अंगण आठवलं. माझं नवं लग्न होतं अन् दुष्काळ होता. ह्यांच्या व्हॅनचं इंजिन वाऱ्यावरच गार व्हायचं, पाणी मागायचं नाही, म्हणून घरात तिचं लई कौतुक. एका सकाळी ती अडखळायला लागली. टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, बसवायला ह्यांनी माझ्या नणंदेला, अक्काला हाक मारली.

चालू इंजिनवर हे ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर केसभर फिरवायचे अन् विचारायचे, "आता?"

अक्का डोळे मिटून ऐकायची. "नाय रे, अजून जरा मागं." एकदम आवाज मऊ झाला. "बस! आवळ." दोघं पोरांसारखी हसली.

चहा घेऊन उभी असलेली मी म्हणाले, "मला तर मघाशीच नीट वाटलं."

"तुला नाय कळायचं त्यातलं," हे म्हणाले. माझा नुसता जळफळाट झाला.

नवऱ्यानं टाकलेल्या अक्काला घरात दुसरं कुणी काही विचारत नव्हतं, हे आता कळतं. तरी हेवा गेला नाही. अक्का जाऊन वर्षं झाली. परवा मिक्सर खडखडला, तर हे सहज म्हणाले, "अक्का असती तर ऐकून सांगितलं असतं."

मी मिक्सर बंद केला अन् चटणी पाट्यावर वाटायला घेतली.