आत्याला हवी होती ती तिथी

साकोलीच्या तहसील कचेरीबाहेर माझं टेबल आहे. लोकांचे अर्ज लिहून देणं हा माझा धंदा. श्रावणातल्या त्या दुपारी एका बाईचा वारसाचा अर्ज लिहीत होतो, तेवढ्यात सानगडीहून बायकोचा फोन आला. "आत्या गेल्या. मागावर बसल्या बसल्याच..." मला रडू आलं नाही. आधी सुटल्यासारखं वाटलं. यंदा पितृपक्षाच्या तोंडावर ती मला "विचारलं का गा?" म्हणणार नाही, हेच पहिल्यांदा मनात आलं. त्याची लाज अजून जात नाही, म्हणून हे लिहायला बसलो आहे.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. तिचे यजमान, आमचे मामाजी, घरच्या मागांवरची लुगडी सायकलवर बांधून जंगलाकडच्या बाजारांत विकायचे. जिल्हा तुटला, ती गावं गोंदियात गेली, पण मामाजींचा रस्ता तोच राहिला. "गिऱ्हाइकाले कायचा जिल्हा?" म्हणायचे. एका वर्षी पोळ्याच्या आठ दिवस आधी ते निघाले, ते परतलेच नाहीत. तळ्याच्या पाळीवर सायकल सापडली, गठ्ठा जसाच्या तसा. पोलिसांचा खबऱ्या समजून दलमवाल्या नक्षल्यांनी नेलं, एवढंच पुढे कळलं. खबऱ्या कसला... बोलका माणूस, या गावची बातमी त्या गावात सांगितल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे. देह मिळाला नाही.

वर्षभर वाट पाहून बायांनी आत्याचं कुंकू पुसलं. पण तिथी कुठून आणायची? ज्यांची तिथी ठाऊक नसते त्यांना सर्वपित्री अमावास्येला जेवू घालतात, तसं आम्हीही घालू लागलो. आत्याला ते कधीच मानवलं नाही. "बेवारशांच्या पंगतीत बसवलं गा त्यायले," म्हणायची. त्या दिवशी कावळा पानाला शिवायला उशीर झाला, तर संध्याकाळपर्यंत कोणाशी बोलायची नाही.

काही वर्षांनी सुकराम आमच्या गावात राहायला आला. त्याच दलममधला. सरकारपुढे बंदूक ठेवून शरण आलेला, योजनेतून माफी मिळालेला. राइस मिलमध्ये पोती उचलायचा. लोक दबकून असायचे. आत्या तेवढी शांत होती. मला म्हणाली, "त्याले सरकारनं माफ केलं, करू दे. मले त्याची शिक्षा नाई पायजे. मले तिथी पायजे. तू विचार."

"तूच विचार की," मी म्हटलं.

"त्याच्या उंबरठ्यावर मी काहून जाऊ?"

तिला ठाऊक नव्हतं ते असं, की सुकराम त्याआधीच माझ्या टेबलापाशी येऊन गेला होता. घरकुलाचा अर्ज लिहून घ्यायला. सोबत त्याच्या जबानीची नक्कल होती. त्यात मामाजींचा उल्लेख नव्हता. अर्ज संपत आला तेव्हा तो खाली बघत म्हणाला, "बाबूजी, त्या लुगडेवाल्याचंबी लिहून टाका." माझा हात थांबला. आमच्या धंद्यात एक सवय हाडीमाशी खिळते: कागदात नाही ते बोलायचं नाही. मी म्हटलं, "जबानीत आहे तेवढीच तुझी माफी. नवीन काही काढशील तर फाइल पुन्हा उघडेल. तोंड बंद ठेव." सल्ला वकिलानं द्यावा तसा चोख होता. आत्याच्या दारी पोलिसांच्या चकरा नकोत, अशी मी स्वतःची समजूतही घातली. खरं सांगायचं तर मी भ्यालो होतो.

मग दरवर्षी पितृपक्ष आला की आत्या विचारायची, "विचारलं का गा?" आणि मी तिच्या डोळ्यांत बघून सांगायचो, "त्याला आठवत नाही म्हणतो." ती मागाकडे वळायची आणि धोटा पुन्हा इकडून तिकडे धावू लागायचा.

आत्याच्या तेरवीला सुकराम आला. मांडवाच्या कडेला उभा राहिला, जेवला नाही. पंगती उठल्यावर जवळ आला. "बाबूजी, आता तं सांगू ना? तान्हा पोळा होता त्या दिवशी. मी त्या लुगडेवाल्याच्या पहाऱ्यावर होतो. खालच्या गावात लेकरं लाकडाचे बैल घेऊन निघाले होते, ढोल ऐकू येऊन राहिला होता. त्यायनं मले विचारलं, आज तान्हा पोळा होय का रे भाऊ? मी हो म्हणलं. मंग नेलं त्यायले..."

"इतकी वर्षं काहून नाही सांगितलंस तिला?" मी ओरडलो.

तो म्हणाला, "तुमीच तं म्हणलं होतं, बाबूजी."

तान्हा पोळा म्हणजे पोळ्याचा दुसरा दिवस, प्रतिपदा. पितृपक्षातही प्रतिपदेचे पितर पहिल्याच दिवशी जेवतात. आमचे मामाजी सगळ्यांच्या आधी येणारे पाहुणे, आणि आम्ही त्यांना दरसाल शेवटच्या दिवसापर्यंत उपाशी ठेवलं.

परवा प्रतिपदा. आत्याच्या खोलीत मागाशेजारी कॅलेंडर टांगलेलं आहे. जानेवारीत नवं आलं की ती आधी अमावास्येला पेन्सिलीनं गोल करायची, यंदाही केलेला आहे. काल मी प्रतिपदेला गोल केला. तिचा खोडायला रबरही घेतला होता, पण हात धजला नाही. सुकरामला जेवायला बोलावलंय, येतो की नाही कोण जाणे. पान मीच वाढणार आहे, आणि वाढताना मागाच्या बाजूनं तो प्रश्न येईल हे मला ठाऊक आहे.

नाही, आत्या. एकदाही नाही विचारलं.