केस मुळासकट हवेत

कोंडीरामतात्यांचा वळू दगावला, त्यात माझा काही हात नाही. पण त्याचा वंश बुडाला, त्यातला निम्मा दोष माझा आहे आणि तो मी कुणावर ढकलणार नाही.

मी भीमराज. ताथवड्याच्या एका खासगी प्रयोगशाळेसाठी गावोगाव नमुने गोळा करतो. देशी गुरांच्या जनुकीय खुणा शोधायच्या आणि कुठल्या खुणेचं जनावर अंगानं भरतं ते पाहायचं, असा आमचा प्रकल्प. कागदावर त्याचं नाव 'मांस उत्पादन गुणधर्म'. ज्या राज्यात बैल कापायला बंदी, तिथं हे नाव ठेवणाऱ्याला माझा कोपरापासून नमस्कार.

चाकणजवळच्या एका वाडीत तात्यांकडे पाखऱ्या नावाचा खिलार वळू होता. गायरानावर कंपनी आली, तशी गावातली गुरं गेली. तात्यांनी मात्र कंटेनरच्या रस्त्याला लागून पत्र्याची शेड घातली आणि पाखऱ्याला ठेवून घेतलं. सत्तरी उलटलेल्या या माणसाला एकच हवं होतं. पाखऱ्याचं वीर्य गोठवून ठेवलं जावं, म्हणजे कुठंतरी त्याची वासरं होतील. पण तपासणीत जातिवंत ठरलेल्या वळूचंच वीर्य आम्ही साठवायचो.

फॉर्म वाचून दाखवला तेव्हा त्यांनी विचारलं, "ह्यात मांसाचं कशापायी लिवलंय?"

उन्हानं माझं डोकं तापलं होतं. अंगावर मांस किती चढतं ते यातून कळतं, एवढंच म्हणालो. नीट समजावायला फार तर दोन मिनिटं लागली असती. शेपटीचे केस मुळासकट उपटून हवेत, तपासणी मुळावरच होते, हे मी सांगितलं होतं. पाखऱ्या परक्याला हात लावू देत नाही, असं म्हणून तात्या स्वतः आत गेले आणि केसांची जुडी घेऊन आले. मी ती न पाहताच पाकिटात भरली. मलाही त्या शिंगांजवळ जायचं नव्हतं.

दीड महिन्यानं निकाल आला, नमुना निकामी. एकाही केसाला मूळ नव्हतं, सगळे कात्रीनं कापलेले. मी तणतणत वाडीला गेलो. शेड रिकामी होती. चार दिवसांपूर्वी पाखऱ्या लम्पीनं गेला होता.

"तुमी मांस म्हनलात," तात्या म्हणाले. "वाटलं, कागदावर तसं निघालं तर त्याला न्हेत्याल. मंग वंश ठिवून तरी काय करू? म्हनून कापून दिलं."

मला स्वतःचीच लाज वाटली. तात्या आत जाऊन फडक्यात गुंडाळलेला शेपटीचा गोंडा घेऊन आले. पुरायच्या आधी काढून ठेवला होता म्हणे. यातून आता वंशाचं काही होईल का, असं त्यांनी विचारलं.

मी गोंडा उलटा करून पाहिला. तोही कापलेलाच होता.

"मेल्यावर तरी उपटायचं, तात्या."

"न्हाई उपटवलं," ते म्हणाले.

तपासणी झाली असती तरी मेलेल्या वळूचं वीर्य कुठून येणार, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मीही सांगितलं नाही. गोंडा पाकिटात घातला, वर नंबर टाकला आणि बघतो म्हणालो.