वाटीतला अं, बुडावरचा ब

कमल गेल्याचा फोन आला तेव्हा मी तुरीच्या शेंगा सोलत होते. मी रडले नाही. फोन तिच्या मुलाचा होता. त्याला पहिलं विचारलं, "पायाची सूज उतरली होती काय रे?" तो म्हणाला, "मोठे आई, आता कायले पुसून राह्यली ते?" बरोबर होतं त्याचं. पुसायची वेळ महिन्याभरापूर्वीच होऊन गेली होती...

कमल माझ्या दिराची बायको, माझी धाकटी जाऊ. मी चौथी शिकले, ती दहावी. झरी जामणीकडच्या आमच्या गावात ती अंगणवाडी सेविका होती. एकदा ती पांढरकवड्याच्या ट्रेनिंगहून आली ती फणफणतच. तान्ह्या बाळाची टाळू खोल गेली की फुगली हे ओळखायचा धडा होता. पुस्तकातले शब्द अंतर्गोल आणि बहिर्गोल. मॅडमनी वाटी आडवी धरून विचारलं, ही काय? कमल म्हणाली, बहिर्गोल. मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या, आत अन् बाहेर कळत नाही का? "बाई, वाटीचं तोंड तिच्याकडं," कमल मला सांगत होती, "मले तं बूडच दिसून राह्यलं होतं! बुडाले काय अंतर्गोल म्हणू?" चूक तिची नव्हती. पण हे दोन शब्द नंतर कायम तिच्या तोंडात उलटसुलट व्हायचे. शेवटी तिने खिळा घेतला आणि घरातल्या एका वाटीत आतून अं कोरला, बुडावर ब. टाळूवर बोट ठेवायचं आणि वाटी आठवायची.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात माझी नात सात महिन्यांची होती. एके दिवशी सकाळपासून तिला जुलाब लागले. दुपारी ती रडायचीही थांबली. शेजारीण म्हणाली, टाळू पडली, तेलाचा बोळा ठेवा, भरून येईल. मी ठेवला. वरून तेल चमकत होतं, टाळू भरली का खोल गेली काही कळेना. कमल नेमकी मीटिंगला पांढरकवड्याला गेलेली. तेव्हा गावात फोन एकाच जागी लागायचा, शाळेमागच्या चढावर. मी धावत चढले, कमलला फोन लावला.

"टाळू पडली म्हणतेत वं," मी म्हणाले.

"म्हणतेत नोका सांगू, बाई. तेल पुसा अन् बोट ठेवून पाहा. वाटीतला अं का बुडावरचा ब?"

परत घरी आले. पदराने तेल पुसलं. बोट आत गेलं. बोटाखाली लेकरू गरम आणि कोरडं. पुन्हा चढावर.

"अं," मी म्हणाले.

"अं काय? ऐकू नाही आलं काय?"

"अं!"

"बाई, मोठ्यानं बोला, मले काही ऐकू येत नाही."

"अं म्हणून राह्यली वं! वाटीतला अं!"

ती म्हणाली, "मीठ-साखरेचं पाणी चमच्या-चमच्यानं पाजत राहा, अन् भेटन त्या गाडीनं निघा. मी दवाखान्याच्या फाटकात उभी राह्यते." त्या जीपमध्ये मी रस्ता पाहिलाच नाही, टाळूच पाहत होते. कमल खरंच फाटकात उभी होती. तिने आधी पोरीच्या टाळूवर बोट ठेवलं, मग माझ्याकडे पाहिलं. पोर वाचली. आता आठवीत आहे.

ती जायच्या महिनाभर आधी मी पांढरकवड्याला तिच्याकडे गेले होते. रिटायर झाल्यापासून ती मुलाजवळच राहायची. चपलेच्या पट्ट्यावरून पाय फुगून आला होता. मी अंगठ्याने दाबला. खड्डा पडला तो तसाच राहिला... बराच वेळ. कमल हसली. "पाहा बाई, वरून ब, दाबलं का अं. आता तं मी पासच होते." मी म्हटलं, दवाखान्यात जा. ती म्हणाली, "सोमवारी जाते. पोराले नोका सांगू, तो उगाच घाबरते." मी सांगितलं नाही. एका अक्षरासाठी तिने मला घरी धाडून पुन्हा चढावर पळवलं होतं. या वेळी अक्षर माझ्या अंगठ्याखाली होतं, तिचा मुलगा शेजारच्या खोलीत होता, आणि मी चहा पिऊन बसमध्ये बसले.

ती वाटी तिच्या मुलाने मला दिली. आमटीसाठी घेते. आमटी संपली की अं दिसतो. आता संध्याकाळी माझेही पाय जड होतात. परवा नातीला समोर बसवलं, वाटी दाखवली, पाय पुढे केला.

"दाब," म्हटलं. "खड्डा राहिला तं तुया बापाले सांगजो. मी नोको म्हणली तरी सांगजो."