परत बघ

डोंबिवलीच्या आमच्या ऑफिसात मॅडम आणि मी, दोघं डॉक्टर, कॉम्प्युटरला शिकवत बसतो. पोटात दुर्बीण घालून जठराचे जे फोटो काढतात, त्यांच्यावर ‘व्रण’ किंवा ‘नॉर्मल’ लिहायचं, त्यावरून तो शिकतो. टोमॅटोच्या सालीला त्याने व्रण म्हटलं की मॅडम स्क्रीनलाच दटावतात, “अरे, हा पेशंट जेवून आलाय. परत बघ.” मलाही तेच. थर्मासमधला चहा संपलाय म्हटलं तरी, “परत बघ रे.”

परवा त्यांनी स्वतःच्याच जठराचे फोटो उघडले आणि खुर्ची खिडकीकडे फिरवली.

“तू सांग.”

“नॉर्मल आहे, मॅडम.”

“बरं,” एवढंच म्हणून त्यांनी डबा उघडला.

मग मीच परत बघितलं.