सात वाजताच्या दोन घंट्या

माझ्या डेल्फा मावशीला नुसतं काटकसरी म्हणणं म्हणजे तिचा अपमानच. बटर संपलं की त्याचा कागद केकच्या भांड्याला घासून मगच फेकणारी बाई ती. ऐंशीची झाली तरी केंटकीच्या डोंगरात एकटी राहायची. तिची बिलं वाचून दाखवायचं काम माझ्या गळ्यात, कारण मी मास्तर, आणि त्यात रिटायर्ड.

मे महिन्यात फोनचं बिल वाचताना मला दिसलं, की लांबचे फोन करायच्या सोयीसाठी दरमहा सहा डॉलर जातात आणि बोललेली मिनिटं शून्य. मागची बिलं काढली, तर तिथेही शून्यच.

"मावशी, तू गावाबाहेर कुणाशी बोलतेस का फोनवर?"

"मी? इतक्या वर्षांत एक मिनिट बोलले असेन तर शपथ."

"मग ही सोय ठेवायची कशाला? काढून टाकू?"

तिने बिल हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं. मग स्वतःशीच म्हणाली, "आमचं काय, आम्ही तर फुकटात भागवतो. काढ बाबा."

फुकटात म्हणजे कसं, हे विचारायला हवं होतं. नाही विचारलं. आयुष्यभर पोरांना 'नीट वाचा' म्हणून ओरडलो, पण स्वतःला ओरडायला कोण?

आमच्या दरीतली निम्मी माणसं कारखान्यांच्या नोकरीपायी ओहायोत गेली, त्यांतलीच एक मावशीची धाकटी बहीण ओपल. ती डेटनला, चार तासांवर. रोज संध्याकाळी सातला डेल्फा मावशी तिचा नंबर फिरवायची, दोन घंट्या वाजू द्यायची आणि ठेवून द्यायची. मग तिकडून ओपल दोन वाजवायची. मी बरी आहे, तू? मीही. कुणी उचलायचं नाही, म्हणजे पैसे पडायचे नाहीत. आमच्याकडे घरोघरी हेच चालायचं, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

बुधवारी सोय बंद झाली. सातला मावशीने नंबर फिरवला, तर फोनमधली रेकॉर्ड केलेली बाई म्हणाली, या फोनवरून हा नंबर लागत नाही. लाइन बिघडली असेल, म्हणून ती गप्प बसली. दहा मिनिटांनी ओपलचा फोन आला. दोन घंट्या, तीन, पाच, सतरा. मावशी फोनजवळच हाताची घडी घालून बसून होती.

"अगं, मग उचलायचास ना!" मी नंतर म्हटलं.

"आणि तिला भुर्दंड?"

ओपल मावशीने माझ्याकडेही फोन केला होता म्हणे, पण बुधवारी मी प्रार्थनेला चर्चमध्ये असतो. तिने रात्रभर केक भाजला आणि पहाटे मुलाला गाडी काढायला लावली. सकाळी नऊला काळा ड्रेस घालून, मयताच्या घरी न्यायचा तो सहा थरांचा सफरचंदाचा केक मांडीवर घेऊन ती दारात उतरली. डेल्फा मावशी दोरीवर चादरी वाळत घालत होती.

"कोण वारलं गं?" मावशीने विचारलं.

"तू, मेले!" म्हणत ओपल पायरीवर बसली आणि ढसाढसा रडली. सहा वर्षांनी भेटत होत्या दोघी. थोड्या वेळाने मीही पोचलो आणि केक आम्ही तिथेच पायरीवर बसून खाल्ला. उत्तम झाला होता, मावशीने मिठाला नावं ठेवली तरी.

मी निघालो तेव्हा डेल्फा मावशी मला म्हणाली, "शहाण्या, ती सोय परत चालू कर." सोमवारी चालू झाली. सातला मी तिथेच होतो. तिने नंबर फिरवला, एक घंटा वाजली, दुसरी वाजायच्या आतच तिकडून ओपलने उचलला; तिचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"अगं, उचललास कशाला? पैसे पडतील."

"पडू देत. सांग, काय जेवलीस?"

मी कोंबड्यांना दाणे टाकायला बाहेर गेलो. परत आलो तरी बीन्स शिजवण्यावरून भांडण चालूच होतं.

पुढचं बिल आलं, ते मावशीने स्वतः माझ्या हातात दिलं. "बघ रे, किती मिनिटं झाली? फार का?"

एकशे बारा होती. मी चष्मा पुसला आणि म्हटलं, "कमीच आहेत, मावशी."